मुकुंददांच्या ट्रंकेचं कुलूप

मित्रांनो, आधी हात खिशातून बाहेर काढा आणि मला दिसतील असे धरा. हं, आता बसा. राग मानू नका. मी एक जुनं पितळी कुलूप आहे, आणि माणसाच्या हाताकडे आधी बघायचं, तोंडाकडे मागाहून, ही माझी जन्माची खोड आहे. सध्या मी कलकत्त्याच्या मैदानात, भागीरथी स्पोर्टिंग क्लबच्या तंबूत, बांबूला ठोकलेल्या एका खिळ्यावर लटकत असतो. तोही उघडा. माझ्या आकड्यात आज काहीसुद्धा अडकवलेलं नाही. असं का झालं ते सांगायची मला लाज वाटते. पण सांगतो.

माझा जन्म अलिगढचा. कारागिरानं पितळ ओतलं, कानशीनं घासलं, पोटात खटका बसवला. मी दाबलं की लागणाऱ्या जातीचा. किल्ली लागते ती फक्त उघडायला. तयार झाल्यावर त्यानं मला दहादा दाबलं, दहादा ओढलं आणि म्हणाला, "जा बेटा, कोणाचा भरवसा धरू नकोस." तो खरंच असं म्हणाला, की मीच मागाहून मनात धरलं, ते आता आठवत नाही. उपदेश मात्र मी जन्मभर पाळला.

सत्तेचाळीस सालच्या थंडीत खिदिरपूरच्या बाजारात नलिनीबाईंनी मला निवडलं. लग्न होऊन त्या नुकत्याच सांगलीहून आल्या होत्या. त्यांचे यजमान मुकुंद आठल्ये इथलेच, कलकत्त्यात जन्मलेले. वडील बदली होऊन गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत आले, ते इथलेच झाले. मुलगाही त्याच कचेरीत कारकून. पण त्याची खरी नोकरी पायाची. मुकुंद आठल्ये भागीरथी स्पोर्टिंगचे डावे फॉरवर्ड होते, आणि सगळं मैदान त्यांना मुकुंददा म्हणे.

"अहो, हे घ्या. हे जड आहे," नलिनीबाई म्हणाल्या.

"अगं, जड असलं म्हणजे मजबूत असतं का?"

"माणसांचं नसेल, कुलपांचं असतं," त्या म्हणाल्या, आणि मी पिशवीत पडलो. त्या वेळी मला केवढा अभिमान वाटला होता!

नलिनीबाईंच्या माहेरून आलेली हिरव्या रंगाची पत्र्याची ट्रंक, तिला मला लावलं. पण तिच्यात लुगडी राहिली जेमतेम दोन महिने. मग मुकुंददांनी ट्रंक तंबूत नेली. जर्सी, चेंडू, पायाच्या पट्ट्या सगळं तिच्यात भरलं. "माझ्या आईनं दिलेली ट्रंक त्या घामट कपड्यांना!" म्हणून नलिनीबाई आठवडाभर रुसल्या होत्या.

तंबूत आल्यावर मला कळलं की जग किती वाईट आहे. दिवसभर माणसांची ये-जा. कोण पाणी प्यायला, कोण चहाला, कोण नुसतं टेकायला. माझा सगळ्यांवर संशय. क्लबचे सेक्रेटरी मनोहरबाबू कोरड्या दिवशीसुद्धा छत्री घेऊन यायचे, तेव्हा मी त्या छत्रीकडे टक लावून बघायचो. पण सगळ्यांत जास्त संशय मला एका माणसाचा. तंबूचा माळी, दैतारी.

दैतारी कटकाकडचा. इथल्या बहुतेक तंबूंचे माळी तिकडचेच. गवत कापायचं, फक्कीनं मैदानाच्या रेघा मारायच्या, चहा करायचा, खेळाडूंचे पाय रगडायचे आणि रात्री तंबूतच निजायचं. माणूस सडपातळ, पान खाणारा आणि फार कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्याच्या पोटात काय आहे ते कसं कळणार? म्हणून मी त्याच्यावर पहिल्या दिवसापासून नजर ठेवली.

त्या काळी आमचे खेळाडू अनवाणी खेळत, मित्रांनो. घोट्याला कापडी पट्टी गुंडाळायची की झालं. गोऱ्यांच्या संघाचे बूट आणि आपली उघडी बोटं! मुकुंददांचा डावा पाय तर असा होता की चेंडू त्यांना सोडून जायचं नाव घेत नसे. गोल झाला की लोक ओरडत, "शाबास बर्गी!" दोनशे वर्षांपूर्वी मराठी घोडेस्वारांनी बंगालात लुटालूट केली होती. त्यांना इथे बर्गी म्हणत, आणि ते नाव अजून लोक विसरलेले नाहीत. मुकुंददा हसत. पण मी ऐकायचो ना, गोल हुकला की तेच लोक तोच शब्द कसा दात-ओठ खाऊन म्हणायचे ते.

एकोणपन्नासच्या पावसाळ्यातली गोष्ट. मोठ्या सामन्याच्या दोन दिवस आधी सरावात मुकुंददांच्या डाव्या अंगठ्याचं नख मुळापासून उखडलं. त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मनोहरबाबूंनी बाहेर बसवलं असतं. कळलं होतं फक्त दैतारीला. त्यानं हळद-चुना भरून पट्टी बांधली आणि म्हणाला, "दादा, खेळू नका." मुकुंददा खेळले. शेवटच्या मिनिटात पेनल्टी मिळाली. चेंडू पाण्यानं भिजून जड झालेला. त्यांनी पाय मारला, आणि चेंडू गोलकीपरच्या हातात अलगद गेला. सामना हातचा गेला.

मग काय विचारता! "बर्गी फुटला! बर्गीला त्यांनी फोडलं!" छत्र्या, चपला, भुईमुगाची टरफलं, जे हाताला येईल ते मैदानात आलं. दुसऱ्या दिवशी तंबूत बैठक बसली. मनोहरबाबू वाईट माणूस नव्हते, पण सेक्रेटरी होते.

"मुकुंद, लोक काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे. तू काही बोलणार आहेस की नाही?"

मुकुंददा मान ताठ ठेवून गप्प बसले. कोकणी ताठा, दुसरं काय! माझ्यावर संशय घेता, मग घ्या, मी खुलासा देणार नाही. त्यांचे डोळे मात्र भरले होते. मी खाली ट्रंकेला लटकत होतो, मला खालून दिसत होतं.

तेवढ्यात कोणी न बोलावता दैतारी आत आला. बैठकीच्या टेबलावर त्यानं एक पट्टी ठेवली, आदल्या दिवशी मुकुंददांच्या पायावरून सोडलेली. रक्तानं काळी पडून ती कडक झाली होती.

"बाबू," तो म्हणाला, "बेइमान माणसाचा पाय असा असतो का?"

मनोहरबाबूंनी चष्मा काढून पुसला, मुकुंददांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बैठक मोडली. एका माळ्यानं मुकुंददांची अब्रू वाचवली. आणि मी काय म्हणालो, ठाऊक आहे? मी म्हणालो, बोलावलं नसताना हा आत आला कशाला? ह्याला नक्की काहीतरी साधायचं आहे.

तो अंगठा पुढे धड झाला नाही. मुकुंददांचं खेळणं तिथेच संपलं. वर्षभर ते मैदानाकडे फिरकले नाहीत. मग मनोहरबाबू स्वतः गार्डन रीचला त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, "पोरांना शिकव." त्या दिवसापासून मुकुंददा प्रशिक्षक झाले.

शिकवायची त्यांची तऱ्हा न्यारी होती. फळा नव्हता, म्हणून ते ट्रंकेच्या झाकणावर खडूनं डाव काढत. माझ्या डोक्यावर सारखी ठकठक. "हा तू, हा मी, हा आपला वेडा गोलकीपर!" पोरं हसत. ती त्यांच्यावर जीव टाकत. चार वर्षांत दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आमचं नाव झालं.

संध्याकाळी सराव संपला की मुकुंददा सामान मोजून ट्रंकेत भरत, मला दाबत आणि तीनदा ओढून बघत. एक, दोन, तीन. ही त्यांची सवय. मग ते ट्रामच्या दिशेनं जात. आणि ते दिसेनासे झाले की, मित्रांनो, दैतारी येई. इकडे बघे, तिकडे बघे आणि मला धरून हिसका देई. रोज! दोन-तीनदा तर मी त्याच्या हातात सुटलोसुद्धा. पण त्यानं ट्रंक उघडली नाही, मला लगेच पुन्हा दाबून टाकलं. कोणाची तरी चाहूल लागली असणार, असा माझा तर्क. चोर धीर गोळा करतोय, मी म्हटलं.

एकदा तर त्यानं कमालच केली. चहा देता देता मुकुंददांना म्हणाला, "दादा, कुलूप जरा ढिलं झालंय. हवा दमट असली की धरत नाही."

मी! ढिलं! अलिगढचं पितळ! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मुकुंददा हसले. "बायकोनं निवडलेलं कुलूप आहे, बाबा. तिला सांगायची छाती आहे का तुझी?"

बोलणं तिथेच संपलं. मी मात्र त्या दिवसापासून दैतारीवर डूख धरला. आता खरं सांगतो, आधी सांगितलं नाही. पोटातला खटका कधीमधी निसटतो, हे माझं मला जाणवत होतं. हुगळीची ती ओली हवा वर्षानुवर्षं खाऊन तो झिजला होता. पण स्वतःवर संशय घ्यायची मला सवयच नव्हती.

पुढे नियम आला की सगळ्यांनी बूट घालूनच खेळायचं. अनवाणी पोरांवर आभाळ कोसळलं. मुकुंददांनी बेंटिंक स्ट्रीटच्या एका चिनी कारागिराकडे सगळ्या पोरांना नेलं, एकेकाच्या पायाचं माप दिलं आणि बूट शिवून घेतले. कोणाची बोटं फाकलेली, कोणाची टाच दगडासारखी. आयते बूट त्यांना झालेच नसते. मग बूट पाण्यात भिजवायचे आणि ओलेच पायात घालून वाळेपर्यंत तंबूभोवती फिरायचं, म्हणजे कातडं पायाचा आकार घेतं. महिनाभर ती पोरं बदकांसारखी फिरत होती. हळूहळू बूट पायांना सरावले, चेंडू पायाला सापडू लागला. आणि चोपन्नच्या पावसाळ्यात असा एक सामना आला, की जिंकलो तर पहिल्या डिव्हिजनमध्ये जाणार.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मुकुंददांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्यांनी दैतारीला चिठ्ठी देऊन घरी पाठवलं, 'यायला उशीर होईल, जेवायला थांबू नकोस.' अंधारून आलं होतं. बूट ट्रंकेत गेले. मुकुंददांनी मला दाबलं. खट्ट आवाज झाला. तेवढ्यात बाहेरून मनोहरबाबूंनी हाक मारली, "अरे मुकुंद, पाऊस येतोय, गाडीत जागा आहे, चल! उद्याचा संघ माझ्या घरी बसून ठरवू!" मुकुंददा तसेच वळले. त्यांनी मला ओढून बघितलं नाही.

आवाज झाला होता, पण मी लागलो नव्हतो. मला कळलं. हाक मारायला तोंड असतं तरी मी मारली असती की नाही, कोण जाणे. दैतारी तिथे नव्हता. कोणीच नव्हतं. मग वारा सुटला, पावसाला सुरुवात झाली, आडोशाला दोघं-तिघं तंबूत शिरले. एका हातानं मला नुसतं वर उचललं आणि बाजूला टाकलं. मी तोंडावर पडलो. कोण होतं ते मला दिसलंही नाही. आजही ठाऊक नाही.

सकाळी ट्रंक उघडी, मी चिखलात, आणि बूट एकही नाही.

मुकुंददा खालीच बसले. मनोहरबाबूंचा आवाज चढला. "किल्ली कोणाकडे आहे?" किल्ली मुकुंददांच्या जानव्याला. "मग तंबूत निजतं कोण?" सगळ्या माना दैतारीकडे वळल्या. आणि एक खेळाडू म्हणाला, "मी ह्याला पाहिलंय. दादा गेले की हा रोज कुलपाशी खटपट करतो. मला वाटलं, असेल काही काम."

दैतारीचा चेहरा उतरला. "लागलंय का ते ओढून बघत होतो," तो म्हणाला. "ढिलं आहे ते. मी दादांना सांगितलं होतं. काल वहिनींनी जेवायला बसवलं, पावसात अडकलो, यायला उशीर झाला. कंदील पेटेना. अंधारात बघितलं नाही. तेवढी चूक माझी."

"चूक माझी म्हणतो, ऐका!" कोणीतरी ओरडलं. त्याला एवढंच हवं होतं.

मुकुंददांनी मला उचललं. धोतराच्या सोग्यानं पुसलं. मग सगळ्यांसमोर मला दाबलं आणि ओढलं. एक, दोन, तीन.

आणि मी धरलं! मित्रांनो, मी घट्ट धरून बसलो. पाऊस थांबून ऊन पडलं होतं म्हणून म्हणा, नाहीतर चारचौघांत आपली शोभा होऊ नये म्हणून म्हणा. एरवी कधीमधी निसटणारा खटका त्या सकाळी पहाडासारखा उभा राहिला. मुकुंददांनी सारा जोर लावून ओढलं. मी हललो नाही.

"ढिलं आहे म्हणतोस?" मुकुंददा म्हणाले. त्यांचा आवाज इतका थंड मी कधी ऐकला नव्हता. दैतारी त्यांच्याकडे नुसता बघत राहिला. तो वाट बघत होता, मुकुंददा काहीतरी म्हणतील म्हणून. पाच वर्षांपूर्वी ह्याच टेबलावर त्यानं एक पट्टी आणून ठेवली होती. मुकुंददांनी मान फिरवली.

"जा," ते म्हणाले.

दैतारीनं आपली वळकटी उचलली आणि तो गेला. जाताना फक्कीची बादली त्यानं जागेवर नीट ठेवली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. आणि तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे मी लपवत नाही. सुटली एकदाची पीडा, मी म्हटलं.

त्या दिवशी पोरं उसने बूट घालून खेळली. कोणाला मोठे, कोणाला तोकडे. अर्ध्या वेळातच पाय सोलून निघाले. चार गोलांनी हरलो.

मुकुंददांच्या खिशातून मीही घरी गेलो. तिथे नलिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर बसून जेवला हो तो. भात वाढायला गेले तर म्हणाला, पुरे वहिनी, उद्या सामना आहे, जाऊन सामान बघायचंय. असा माणूस चोरी करेल?"

"माणसाच्या मनातलं आपल्याला काय कळतं?" मुकुंददा म्हणाले.

"बरोबर. तुमच्याविषयी मैदानातले लोक हेच म्हणत होते."

मुकुंददा जेवणावरून उठले. त्यानंतर त्या घरात दैतारीचं नाव निघालं नाही. क्लबनं लोखंडी कपाट घेतलं आणि ट्रंक घरी परत आली. मुकुंददा शिकवत राहिले, पण बदलले, हे माझ्या कानावर येई. एखादं पोर सरावाला उशिरा आलं की, कुठे होतास, कोणाबरोबर होतास. एखाद्यानं चेंडू चुकवला की त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. माझा रोग त्यांना जडला होता. पोरं आता हसेनाशी झाली. दोघं चांगले खेळाडू दुसऱ्या क्लबात निघून गेले.

अशी तीन वर्षं गेली. सत्तावन्नची दिवाळी आली. डॉक्टरांनी मुकुंददांना गोड कमी करायला सांगितलं होतं, म्हणून नलिनीबाईंनी बेसनाच्या लाडवांचा डबा ट्रंकेत ठेवला आणि मला लावलं. त्या वर्षी दिवाळीतही पावसाची सर येऊन गेली होती, हवा ओलसर होती. दुपारी त्या बघतात तर मी कोयंड्यात नुसता लोंबतोय.

"अहो! लाडवांना हात लावलात?"

"नाही बुवा."

"मग कुलूप उघडं कसं?"

"तू लावलंच नसशील."

"खटका वाजलेला ह्या कानांनी ऐकला मी. आणि किल्ली माझ्या कमरेला आहे."

"अगं, शपथ घेतो. मी त्या खोलीत पाऊलही टाकलं नाही. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

नलिनीबाईंनी किल्ली पुन्हा कमरेला नीट खोचली. त्या रागावल्या नव्हत्या. पुढचं वाक्य तीन वर्षं त्यांनी जपून ठेवलं असावं, असं मला वाटतं.

"मग दैतारीनं उघडलं असेल," त्या म्हणाल्या.

मुकुंददा ताडकन उठले. मला हातात घेतलं. दाबलं, ओढलं. मी धरलं. पुन्हा दाबलं, ओढलं. पुन्हा. पाचव्या खेपेला मी त्यांच्या हातात सुटलो. ते मटकन ट्रंकेवर बसले.

"त्यानं मला सांगितलं होतं, नलिनी. ढिलं आहे म्हणाला होता. मी थट्टेवारी नेलं."

"आता बसू नका," नलिनीबाई म्हणाल्या. त्यांनी लाडवांचा डबा फडक्यात बांधला आणि त्यांच्या हातात दिला. "उठा आणि शोधा त्याला. कुलूपही न्या बरोबर."

दैतारीला शोधायला चार दिवस लागले. चोरीचा डाग लागलेल्या माळ्याला कुठलाच तंबू ठेवून घेईना. तो खिदिरपूरला गोदीच्या फाटकाबाहेर हातगाडी ओढत होता. केस पिकले होते, खांद्याला घट्टे पडले होते. मुकुंददांना बघून त्यानं गाडी थांबवली. मुकुंददांनी मला पुढे केलं.

"ओढ."

दैतारीनं मला हातात घेतलं. त्याचा हात मी ओळखला. दोनदा दाबून दोनदा ओढलं आणि मी सुटलो. तो हसला नाही.

"मला हे ठाऊकच होतं, दादा."

"दैतारी, माझं चुकलं. तू परत चल."

"इथे गोदीच्या दारात सांगून काय उपयोग?" तो म्हणाला. "चोर ठरवलंत ते तंबूत. तिथे सांगा."

लाडवांचा डबा त्यानं घेतला नाही.

पुढच्या रविवारी तंबूत सगळे जमले. पोरं होती, मनोहरबाबू छत्री घेऊन होते. दैतारी दाराशी उभा होता, आत येईना. मुकुंददांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. सांगताना त्यांचा आवाज दोनदा फुटला. मनोहरबाबूंनी मान हलवली.

"मुकुंद, तुझं मन हळवं आहे. जुनं कुलूप आज सुटतं म्हणून तेव्हाही सुटलं होतं कशावरून? तेव्हा तर आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पुन्हा करून दाखव."

नोव्हेंबरचं कोरडं, कडकडीत ऊन पडलेलं. अशा हवेत मी नेहमीच धरतो. मुकुंददांनी मला दाबलं. ओढलं. मी धरलं. पुन्हा ओढलं. मी धरलं.

"बघ!" मनोहरबाबू म्हणाले.

दाराशी दैतारीनं एक सुस्कारा सोडला आणि तो जायला वळला. मला त्याची पाठ दिसली. रोज संध्याकाळी माझ्यावर वाकणारी, मला पुन्हा नीट दाबून मगच निजायला जाणारी ती पाठ. हा माणूस वर्षानुवर्षं माझी लाज झाकत होता, आणि मी त्याला चोर समजत होतो. आता हा गेला की कायमचा गेला, हे मला कळलं. सुटलो तर मी भंगारात जाणार, हेही कळलं. कुलपाच्या जातीला कलंक!

मुकुंददांनी तिसऱ्यांदा ओढलं. मी सोडलं.

खटका झिजला होता म्हणा, काही म्हणा. मी सोडलं, एवढं मला ठाऊक आहे.

दैतारी मागे वळला. मुकुंददा त्याच्यापाशी गेले.

"मला माफ कर. कुलूप ढिलं आहे हे तू सांगितलं होतंस, ते मला खरं वाटलं नाही."

"कुलपाचं खरं वाटलं नाही, दादा, कबूल," दैतारी म्हणाला. "पण मी कसा आहे, ते तर ठाऊक होतं ना?"

मुकुंददा सगळ्या पोरांसमोर खाली वाकले आणि दैतारीच्या पायांना त्यांनी हात लावला. मित्रांनो, असा नमस्कार कोणी पुरता होऊ देत नाही, मध्येच हात धरून उठवतात. दैतारीनं हात धरला नाही. नमस्कार पुरा होऊ दिला. मग तो सावकाश बाहेर गेला आणि मैदानाकडे बघत उभा राहिला.

"ह्या रेघा कोण मारतं?" तो म्हणाला. "सगळ्या वाकड्या आहेत."

त्यानं कोपऱ्यातली फक्कीची बादली उचलली.

मला कोणी भंगारात टाकलं नाही. दैतारीनंच मला ह्या बांबूवर टांगलं. कपाटाला आता नवं कुलूप आहे. मुकुंददा ते लावतात आणि ओढून बघतात, मग सगळ्यांच्या देखत दैतारी ओढून बघतो. पोरं पुन्हा हसू लागली आहेत.

माझे भाऊबंद आपली कहाणी संपवताना हात जोडून सांगतात, मुलांनो, जुन्या वस्तूंना जपा, त्यांना टाकू नका. मी तसं सांगणार नाही. माझ्यासारखं कुलूप बिघडलं तर खुशाल टाकून द्या, बाजारात दुसरं मिळतं. पण घरात काही हरवलं आणि तुमचं बोट एखाद्या माणसाकडे वळू लागलं, तर ते बोट आधी कुलपाला लावा. ओढून बघा. तीनदा धरलं, तर चौथ्यांदाही ओढून बघा.